सही झाल्यावरची माघार: न्यायालयीन तडजोड कितपत मोडता येते?

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी मागे टाकली की चिंबळी फाटा येतो आणि पुढे कुरुळी. खेड तालुक्यातलं हे गाव एकेकाळी ज्वारी-बाजरीचं होतं. आता रस्त्याला लागून गोदामं, भाड्याच्या शेड आणि चाकण एमआयडीसीतल्या कारखान्यांना माल पुरवणारी वर्कशॉप आहेत. या पट्ट्यात जमिनीचा दावा म्हणजे बहुधा वाटणीचा, नाहीतर विसार घेऊन खरेदीखत न केल्याचा, नाहीतर बहिणींच्या हिश्श्याचा. दावा वर्षानुवर्षं चालतो आणि तेवढ्या काळात भाव कुठल्या कुठे जातो. म्हणून तडजोडीच्या दिवशी भरघोस वाटलेला आकडा फेरफार मंजूर होईपर्यंत तोकडा वाटू लागतो. मग वकिलाकडे प्रश्न येतो, “साहेब, सही तर झाली, पण आता मागे फिरता येईल का?”

प्रश्न कुरुळीपुरता नाही. घटस्फोट, चेक न वटल्याची तक्रार, भावाभावांतला धंदा, बँकेची थकबाकी, सगळीकडे तो येतो. प्रत्येक ठिकाणी उत्तर थोडं वेगळं आहे आणि गेल्या पन्नास वर्षांत ते बदलतही आलं आहे. या लेखात आधी पार्श्वभूमी, मग सध्याचा कायदा टप्प्याटप्प्याने, त्यानंतर दोन्ही बाजूंचं म्हणणं आणि शेवटी अजून न सुटलेले प्रश्न, असा क्रम ठेवला आहे.

पार्श्वभूमी: पंचायतीपासून 1976 पर्यंत

उलटण्याची भीती जुनीच आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे तंटा जाई, तेव्हा निवाडा मान्य करण्याबद्दल दोन्ही पक्षांकडून आधीच राजीनामा लिहून घेत. सोबत जामीन घेत. निवाडा झाल्यावर हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद घेत. पक्षकार पुढे फिरू शकतो हे गृहीत धरूनच ही कागदांची साखळी उभी होती.

इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यानेच या विषयात एक प्रयोग पाहिला. 1875 च्या मे महिन्यात सुप्यातून सावकारांविरुद्धचे दंगे पसरले. त्यानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात दावा दाखल होण्याआधी सावकार आणि कुणबी यांच्यात सलोखा घडवणाऱ्या व्यक्ती नेमण्याची सोय होती. त्यांच्यासमोर झालेला करार न्यायालयात दाखल झाला की त्याला हुकूमनाम्याचं बळ येई. निरक्षर माणसाने केलेली तडजोड खरोखर त्याच्या मर्जीची आहे का, हा आजचा वाद तेव्हाही या तरतुदीच्या मुळाशी होता.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तडजोडीचा नियम आदेश 23, नियम 3 मध्ये आला. जुन्या नियमात तोंडी तडजोडही चाले. तडजोड नोंदवण्याच्या आदेशावर अपील होई. फसवणूक झाली असं म्हणून वेगळा दावाही लावता येई. परिणामी एक दावा मिटला की त्याच्या मिटण्याबद्दल दुसरा उभा राही. 1976 च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली. ती 1 फेब्रुवारी 1977 पासून लागू झाली. तिच्यातून चार गोष्टी बदलल्या. तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची हवी. तडजोड झाली की नाही याबद्दल वाद निघाला तर त्याच न्यायालयाने तो ठरवावा. भारतीय करार कायद्याखाली रद्द किंवा रद्द करण्याजोगा असलेला करार कायदेशीर तडजोड मानला जाणार नाही. आणि नियम 3-अ नुसार, तडजोड बेकायदेशीर होती या कारणाने हुकूमनामा रद्द करून मागणारा स्वतंत्र दावा चालणार नाही. यातल्या शेवटच्या दोन बदलांत आजच्या बहुतेक वादांचं मूळ आहे. एकाने आक्षेपाची कारणं मान्य केली आणि दुसऱ्याने आक्षेप नेण्याची जागा एकाच न्यायालयापुरती आखून दिली.

तडजोड नोंदवली कशी जाते

तडजोडीचा कागद तालुक्याच्या न्यायालयात बहुधा ‘तडजोड पुरसीस’ या नावाने येतो. वर दाव्याचा नंबर, खाली वादी-प्रतिवादींची नावं, मग अटी. गट नंबर अमुक, क्षेत्र इतके आर, पूर्वेकडची बाजू थोरल्याची, रस्त्याकडचा तुकडा धाकट्याचा, बहिणींना रोख इतके, अमुक तारखेचा धनादेश. शेवटी सगळ्यांच्या सह्या. सही न येणाऱ्यांचे अंगठे, आणि त्यांना ओळखणाऱ्या वकिलांच्या सह्या. न्यायाधीश पक्षकारांना पुढे बोलावतात. मजकूर वाचला का, वाचून दाखवला का, समजला का, कोणाचा दबाव आहे का, असे दोन-चार प्रश्न विचारले जातात. पडताळणीची नोंद कागदावर होते, रोजनाम्यात ओळ पडते आणि ‘तडजोडीप्रमाणे हुकूमनामा करावा’ असा आदेश होतो. तडजोडीचा कागद हुकूमनाम्याचा भाग बनतो.

हा भाग फार तर काही मिनिटांचा. पुढची कित्येक वर्षं चालणारी माघारीची लढाई मात्र या काही मिनिटांत नेमकं काय घडलं याभोवतीच फिरते. आजीला मजकूर वाचून दाखवला होता का? अंगठा तिचाच होता का? बहीण त्या दिवशी कोर्टात हजर होती की कुलमुखत्यारपत्रावर दुसऱ्यानेच सही केली? आणि मुखत्यारपत्रात तडजोड करण्याचा अधिकार लिहिलेला होता का? चाकण पट्ट्यात विकसकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देण्याची रीत असल्याने हा शेवटचा मुद्दा इथे वारंवार येतो.

कुटुंबात अज्ञान मूल असेल तर आणखी एक पायरी आहे. आदेश 32, नियम 7 नुसार पालकाला अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची स्पष्ट परवानगी लागते. ती घेतली नसेल तर अज्ञानाच्या बाजूने ती तडजोड रद्द होऊ शकते. समोरच्या पक्षाला मात्र त्याच उणिवेचा फायदा घेता येत नाही.

माघारीचे चार टप्पे

माघार घेता येते का, हे कुठल्या टप्प्यावर विचारलं जातं त्यावर बरंचसं उत्तर ठरतं.

पहिला टप्पा तोंडी कबुलीचा. न्यायाधीशांसमोर दोन्ही बाजू ‘मिटलं’ म्हणाल्या, पण कागद झाला नाही. 1980 च्या दशकाअखेर पंजाबातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1976 नंतर लेखी आणि सहीचा कागद नसेल तर तडजोड नोंदवता येणार नाही, मग पक्षकार कोर्टात काहीही बोललेले असोत. म्हणजे इथे माघार शक्य आहे. तंटामुक्त गाव समितीपुढे झालेल्या समझोत्याचाही विचार इथेच करावा लागतो. 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत अनेक वाद गावातच मिटले. पण समितीसमोरचा कागद आपोआप हुकूमनामा होत नाही. तो पुढे न्यायालयात किंवा लोकअदालतीत नेला तरच त्याला हुकूमनाम्याचं बळ येतं.

दुसरा टप्पा सही झाली पण हुकूमनामा व्हायचा आहे, असा. इथे सर्वसाधारण समज अशी की आदेश होईपर्यंत मागे फिरायला मोकळीक आहे. कायदा तसं म्हणत नाही. लेखी, सहीची आणि कायदेशीर तडजोड झाल्याचं सिद्ध झालं तर न्यायालयाने ती नोंदवायचीच आहे. एकाने ‘माझी आता इच्छा नाही’ एवढंच म्हटल्याने तडजोड पडत नाही. ‘अशी तडजोड झालीच नाही’ किंवा ‘ती फसवून झाली’ असं तो म्हणाला, तर न्यायालय चौकशी करून ठरवतं.

तिसरा टप्पा हुकूमनाम्यानंतरचा. संहितेच्या कलम 96(3) नुसार संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. नियम 3-अ मुळे नवा दावा नाही. राहतो एक मार्ग, ज्या न्यायालयाने हुकूमनामा केला तिथेच अर्ज करण्याचा. बनवारी लाल प्रकरणात फसवणुकीची तक्रार घेऊन पक्षकार त्याच न्यायालयात गेला. त्या न्यायालयाने तडजोडीचा आदेश मागे घेतला आणि 1992 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. 2006 च्या पुष्पादेवी भगत प्रकरणात हीच गोष्ट सूत्ररूपाने मांडली गेली. संमतीचा हुकूमनामा दोघांनाही बांधतो आणि तो ज्या न्यायालयाने केला तेच अर्जावरून तो रद्द करू शकतं. 2021 आणि 2022 च्या निकालांनीही ही दिशा कायम ठेवली. दाव्याला ‘हक्क जाहीर करून मागणारा दावा’ असं वेगळं नाव दिलं म्हणून नियम 3-अ चुकवता येत नाही, हेही 2022 मध्ये स्पष्ट झालं.

चौथा टप्पा अंमलबजावणीचा. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते. पैसे घेतले, ताबा दिला, सातबाऱ्यावर फेरफार झाला आणि मग माघारीचा अर्ज आला, तर न्यायालय पहिला प्रश्न विचारतं की मिळालेला फायदा परत करणार का? फायदा ठेवून ओझं झटकता येत नाही, हे तत्त्व इथे कडकपणे लागू होतं. दरखास्तीत हरकत घेणाऱ्यालाही फारसा वाव नाही. हुकूमनाम्याच्या आत शिरून त्याची योग्यता तपासणं हे अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयाचं काम नाही.

कोणती कारणं चालतात

कारणं करार कायद्यातून येतात. जबरदस्ती, गैरवाजवी प्रभाव, फसवणूक, चुकीचं निवेदन, दोन्ही पक्षांची वस्तुस्थितीबद्दलची समान चूक, आणि कायद्याने निषिद्ध हेतू. फसवणुकीचा आरोप मोघम चालत नाही. कोणी, केव्हा, काय सांगून फसवलं याचा तपशील अर्जात द्यावा लागतो.

न चालणारी कारणं ओळखणं तितकंच महत्त्वाचं आहे. मन बदललं, नंतर जास्त भाव देणारा भेटला, वकिलाचा सल्ला आता चुकीचा वाटतो, कायदा नीट माहीत नव्हता, ही कारणं पुरेशी नाहीत.

भावाच्या प्रश्नात एक बारकावा मात्र आहे. करार कायद्याच्या कलम 25 च्या दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही. पण संमती खरोखर मोकळी होती का हे ठरवताना न्यायालय अपुरा मोबदला विचारात घेऊ शकतं. समजा, रस्त्याकडच्या जमिनीचा गोदामासाठी सौदा आधीच ठरला होता आणि ती माहिती दडवून बहिणींना जिरायती भावाने रोख रक्कम दिली. इथे कमी किंमत हे कारण नसून पुरावा ठरतो, दडवलेल्या माहितीचा पुरावा. याच प्रकारच्या प्रश्नावर 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटातली संमतीची तडजोड पुन्हा उघडू दिली होती. पतीने आपल्या कंपनीचे शेअर बाजारात आणण्याची तयारी चालू असल्याचं लपवलं होतं.

बहिणींच्या हिश्श्यात कायद्यातले बदलही गुंतले आहेत. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहदायाद मानलं. केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला आली. 20 डिसेंबर 2004 पूर्वी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्यांना तिने संरक्षण दिलं. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा ठरवला आणि तोंडी वाटणीचा बचाव अपवादानेच मान्य होईल असं सांगितलं. त्यामुळे जुन्या तडजोडीच्या हुकूमनाम्यांची किंमत एकदम वाढली. भावांसाठी ते ढाल झाले आणि ते खरोखर तडजोडीने झाले होते का, हा बहिणींचा पहिला प्रश्न झाला. 2023 मध्ये ओडिशातल्या एका वाटणीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, सगळ्या हिस्सेदारांच्या लेखी संमतीशिवाय काहींनीच आपसात केलेली तडजोड वैध धरता येणार नाही, असं ठरवलं. कुरुळीसारख्या ठिकाणी, जिथे एका गटाला पंधरा-वीस नावं लागलेली असतात, या निकालाचं महत्त्व मोठं आहे.

लोकअदालत: दार आणखी अरुंद

राष्ट्रीय लोकअदालतीच्या शनिवारी तालुका न्यायालयांत शेकडो प्रकरणं पुढे येतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. तो 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 21 नुसार लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी हुकूमनामा मानला जातो, अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. भरलेलं न्यायालय शुल्कही परत मिळतं. निवाडा होण्याआधी कोणीही पक्षकार नकार देऊ शकतो. तडजोड झाली नाही तर लोकअदालत निकाल देत नाही, प्रकरण मूळ न्यायालयात परत जातं.

निवाडा झाल्यावर मात्र साधा दिवाणी हुकूमनामा आणि लोकअदालतीचा निवाडा यांत फरक पडतो. 2008 च्या पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग निकालाने सांगितलं की आक्षेप घ्यायचा तर उच्च न्यायालयात रिट, तीही अगदी मर्यादित कारणांवर. 2017 च्या भार्गवी कन्स्ट्रक्शन्स निकालाने फसवणुकीच्या आरोपावरही दिवाणी दावा चालणार नाही हे पक्कं केलं. 2022 मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात, लोकअदालतीची तडजोड उच्च न्यायालयाने वरवरच्या आरोपांवर मोडू नये, असंही बजावलं गेलं.

पुणे जिल्हा आजही मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखाली येतो. 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही. म्हणजे खेड तालुक्याच्या राजगुरुनगर न्यायालयात झालेल्या साध्या तडजोडीवर आक्षेप तिथेच नेता येतो. तेच मिटवणं लोकअदालतीच्या टेबलावर झालं असेल तर मुंबई गाठावी लागते, शिवाय रिटमध्ये साक्षीपुरावा सहसा होत नाही. हा फरक सही करणाऱ्या किती जणांना माहीत असतो, हा या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा कायमचा प्रश्न आहे.

भूसंपादनाच्या मोबदल्यात आणखी एक धडा आहे. 2022 च्या नोएडा प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, एका खातेदाराने लोकअदालतीत मिळवलेला वाढीव दर दाखवून दुसऱ्याला 1894 च्या कायद्याच्या कलम 28-अ खाली तोच दर मागता येणार नाही, असं ठरवलं. तडजोड दोघांपुरती असते आणि ती दोघांनाच बांधते.

2023 च्या मध्यस्थी कायद्याने वेगळा साचा आणला आहे. त्याच्या कलम 28 मध्ये मध्यस्थीतून झालेल्या करारावर आक्षेपाची कारणं मोजकीच आहेत: फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, किंवा मध्यस्थीला न चालणारा विषय. मुदत 90 दिवस, आणि सबळ कारण असेल तर आणखी 90. कायद्यातली काही कलमं 9 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. कारणांच्या यादीत ‘गैरवाजवी प्रभाव’ नाही, हे लक्षात घेण्याजोगं आहे. घरातल्या मोठ्यांच्या दडपणाखाली झालेली सही बहुधा त्याच सदरात मोडते.

जिथे नियम वेगळे आहेत

परस्परसंमतीच्या घटस्फोटात संमती शेवटपर्यंत टिकावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने 1984 मध्ये, अर्ज दाखल झाल्यावर एकाला एकतर्फी माघार घेता येणार नाही असं म्हटलं होतं. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती काढून घेऊ शकतं. 2009 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केलं. पण घटस्फोटाच्या संमतीसोबत पोटगी, फ्लॅट, दागिने, फौजदारी तक्रार मागे घेणं अशा अटीही असतात. लग्न टिकवायचं की नाही याबद्दल मन बदलण्याची मुभा आहे. पैसे घेऊन मग उलटण्याची आहे का? 2005 मध्ये, तडजोडीचा लाभ घेतल्यावरही फौजदारी तक्रार चालू ठेवणं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं नाही.

चेकच्या प्रकरणांत चाकणच्या छोट्या व्हेंडरांना 2021 चा जिम्पेक्स निकाल ठाऊक असावा. मूळ चेकवरची तक्रार मिटवण्यासाठी तडजोड झाली आणि तडजोडीतले नवे चेकही परत आले, तर दोन्ही तक्रारी समांतर चालवता येत नाहीत. तडजोडीने जुना वाद संपतो आणि पुढचा हक्क नव्या करारातून येतो. लोकअदालतीत मिटलेल्या चेक प्रकरणाचा निवाडाही दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो.

तिसरी बाब अवमानाची. मुंबईच्या नारंग कुटुंबाच्या धंद्यातल्या वादात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की न्यायालयाला हमी देऊन केलेली संमतीची अट जाणीवपूर्वक मोडली तर अंमलबजावणीचा मार्ग उपलब्ध असला तरी अवमान होतो. मात्र हमी नसलेल्या साध्या संमतीच्या आदेशाचा भंग अवमान नाही, असं 1979 चा एक निकाल सांगतो. म्हणून तडजोडीत ‘हमी देतो’ हे दोन शब्द असणं-नसणं पुढे मोठं ठरतं.

दोन बाजू

अंतिमतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. तडजोड पक्की नसेल तर कोणीही तडजोड करणार नाही. भावाने रस्त्याकडचा तुकडा सोडला तो वाद संपेल या भरवशावर. तीन वर्षांनी भाव वाढला म्हणून समोरचा फिरला, तर सोडणारा मूर्ख ठरतो. शिवाय मधल्या काळात त्या जमिनीवर बँकेचं कर्ज निघालेलं असतं, शेड उभी राहिलेली असते, तिऱ्हाइताने प्रामाणिकपणे खरेदी केलेली असते. 1976 च्या दुरुस्तीमागे हाच अनुभव होता.

मोकळ्या संमतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की संमतीचा हुकूमनामा हा शेवटी करारच आहे, न्यायालयाचा शिक्का लागलेला. रुबी सेल्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या प्रकरणात मुद्रांक शुल्काच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व धरलं. करार असेल तर कराराचे दोषही त्यात असू शकतात. आणि हे दोष सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. माहेरी तोडून बोलू न शकणारी बहीण, सही न येणारी आई, कर्जाच्या तगाद्याखालचा शेतकरी, यांच्याकडूनच घाईच्या सह्या घेतल्या जातात. त्यांच्यासाठी दार एकच असेल तर ते निदान उघडं तरी असावं.

तिसरा सूर काही वकील आणि मध्यस्थांचा आहे. त्यांच्या मते भांडण दाराच्या रुंदीचं कमी आणि आत शिरतानाच्या तपासणीचं जास्त आहे. पडताळणी नीट झाली, मजकूर मराठीत असला, प्रत्येक हिस्सेदार समोर असला, तर नंतरच्या बहुतेक तक्रारींना जागाच उरत नाही. यावर व्यवहारी आक्षेपही आहे. लोकअदालतीच्या दिवशी टेबलावर गठ्ठे लागलेले असताना प्रत्येक कागदाला एवढा वेळ द्यायचा कोणी?

अनुत्तरित प्रश्न

पहिला, मार्ग नेमका एकच की दोन? बनवारी लाल निकालात त्याच न्यायालयात अर्ज किंवा आदेश 43, नियम 1-अ च्या आधारे अपील, असे दोन्ही मार्ग दिसतात. पुष्पादेवी भगत निकाल एकच मार्ग सांगतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दाव्यातल्या पक्षकाराने तडजोड नाकारायची असेल तर आधी मूळ न्यायालयातच जावं, असा कल दाखवला. तरी जुने दोन्ही निकाल युक्तिवादात उद्धृत होतच राहतात.

दुसरा, दाव्यात नसलेल्याचं काय? ज्या बहिणीला पक्षकारच केलं नव्हतं तिने त्या हुकूमनाम्याला कुठे आव्हान द्यायचं? 2020 च्या एका निकालाने तिऱ्हाइताच्या स्वतंत्र दाव्यालाही नियम 3-अ आड येतो असं म्हटलं. पण त्यातल्या व्यक्तीने पक्षकाराकडून जमीन विकत घेतलेली होती. स्वतःचा जन्मसिद्ध हक्क सांगणाऱ्या वारसाला तो निकाल तसाच लावायचा का, यावर मतं विभागलेली आहेत.

तिसरा, वकिलाची सही. 1991 मध्ये मुंबईतून गेलेल्या युनियन बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘पक्षकाराची सही’ यात अधिकृत वकिलाची सही येते असं ठरवलं. 2015 च्या निकालात मात्र अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने हक्क सोडू नये यावर भर आहे. वकीलपत्रावरचा छापील मजकूर ‘स्पष्ट सूचना’ ठरतो का, याचं उत्तर प्रकरणागणिक बदलतं.

चौथा, मुदत. त्याच न्यायालयात अर्ज किती दिवसांत करायचा याला स्वतंत्र तरतूद नाही. सर्वसाधारण तीन वर्षांच्या मुदतीचा आधार घेतला जातो आणि फसवणूक उघड झाल्यापासून ती मोजावी असा युक्तिवाद होतो. ‘उघड केव्हा झाली’ यावर मग वेगळी लढाई लागते. सातबाऱ्यावर फेरफार लागला तेव्हा की बहिणीला तो कोणी दाखवला तेव्हा?

पाचवा, नोंदणी. 1995 च्या निकालानुसार आधीपासूनच्या हक्काची कबुली देणाऱ्या तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणी लागत नाही, पण नवा हक्क निर्माण झाला तर लागते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक पुन्हा मांडला. वाटणीच्या दाव्यात काही हिस्सेदार पैसे घेऊन बाहेर पडतात. तेव्हा ती कबुली की विक्री, हा प्रश्न तलाठी कार्यालयापासून सुरू होतो.

सहावा प्रश्न नवा आहे. कोविडच्या काळात लोकअदालती ऑनलाइनही भरल्या. पडद्यावर दिसणाऱ्या माणसाच्या बाजूला कोण उभं आहे हे दिसत नाही. अशा संमतीची पडताळणी कशी मानायची, यावर वरिष्ठ न्यायालयांचा सविस्तर निकाल व्हायचा आहे.

एकंदर चित्र असं. सही झाल्यावर मन बदललं म्हणून मागे फिरण्याचा मार्ग घटस्फोटाची संमती सोडली तर जवळजवळ बंद आहे. संमतीच खोटी होती असं सांगणाऱ्यासाठी मार्ग आहे, पण तो अरुंद, ठरावीक जागी आणि पुराव्याच्या अटीवर. मतभेद उरतात ते या दुसऱ्या गटाबद्दल. कायद्याने त्यांना दिलेलं एकमेव न्यायालय त्यांच्या आवाक्यात आहे का? लोकअदालतीच्या निवाड्याला साध्या तडजोडीपेक्षा कडक कवच हवं का? आणि मध्यस्थी कायद्यातली कारणांची यादी घरातल्या दडपणाला पुरेशी पडते का? यातल्या शेवटच्या प्रश्नावर त्या कायद्याखालची प्रकरणं जसजशी उच्च न्यायालयात जातील तसतसं उत्तर मिळेल. तोवर सगळं अवलंबून राहतं पुरसीसवर सही होण्याआधी विचारल्या जाणाऱ्या त्या दोन-चार प्रश्नांवर, आणि ते विचारायला न्यायालयाला किती वेळ मिळतो यावर.